मालकीणबाईंचे हात

आमच्या पालघरच्या घरमालकीणबाईंनी उभ्या जन्मात एकही बांगडी विकली नाही. हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं असतं तरी त्यांनी मान डोलावली असती, कारण 'विकणे' हे क्रियापदच त्यांना मान्य नव्हतं. "विकतात ती भाजी. बांगडी भरतात," असं त्या ठणकावून सांगत. आणि तरीही त्या काळात सफाळ्यापासून बोईसरपर्यंत आणि नवापूर-घिवलीच्या किनाऱ्यापासून वर डोंगरातल्या पाड्यांपर्यंत, मनगटभर बांगड्या घातलेली जी कोणी बाई दिसेल तिच्या हातात माल आमच्या मालकीणबाईंचाच असायचा. मुलांनो, तुमच्यातल्या थोरल्याने परवा फोनवर तक्रार केली की त्याच्या कंपनीत विक्रीची माणसं टिकत नाहीत, दर वर्षी नवी भरती, नवं शिक्षण, आणि बाजार जरा बदलला की सगळं पहिल्यापासून. त्यावर त्याने कुठलंसं जाडजूड पुस्तक मागवलं आहे. पुस्तक जरूर वाच, बाळा. पण त्याच्याआधी हे वाच. हे फुकट आहे, आणि यातल्या बाईला मी प्रत्यक्ष पाहिलेलं आहे.

माझं लग्न झालं तेव्हा तारापूरजवळ अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू होत होतं आणि तुमच्या आजोबांची नोकरी तिथे होती. क्वार्टर मिळेपर्यंत आम्ही पालघरला स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या बाजूला बांगड्यांचं दुकान, मागे मालकीणबाई, आणि त्यांच्या शेजारी आम्ही. मला गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवण्याचं काम मिळालं, म्हणून त्या मला मास्तरीणबाई म्हणत. त्या स्वतः ठेंगण्या, गोऱ्या, आणि आवाज असा की पलीकडच्या फलाटावरचा माणूस वळून बघायचा. दुकानात एका बुटक्या पाटावर बसून त्या दिवसभर काड्यापेटीतल्या काडीने कान कोरत आणि जगाची व्यवस्था लावत.

त्यांच्या तोंडून अशुभ शब्द निघत नसे. तुम्ही म्हणाल, त्यात काय, बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं, दुकान बंद केलं म्हणू नये, वाढवलं म्हणावं, हे आपल्या घरातही पाळतात. पण मालकीणबाईंनी या एका शब्दावर सगळा संसार चालवला होता. डब्यातलं तेल संपलं की तेल वाढलं. कोळसे विझले की शेगडी वाढली. पावसाळ्यात नळ गेला तेव्हा त्या अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "नळ वाढला!" आणि मी बिचारी रिकाम्या बादल्या घेऊन धावत गेले. तुमच्या आजोबांची सकाळची बोईसरची पॅसेंजर सुटली की शिट्टी ऐकून त्या भिंतीपलीकडून हाक देत, "साहेब, सावकाश जेवा, तुमची गाडी वाढली हो!" मी एकदा त्यांना म्हटलं, "अहो मालकीणबाई, गाडी गेली म्हणावं." त्या दचकल्या. "गेली कशी म्हणता? तिच्यात माणसं बसलीयत!"

आता एवढा मोठा पसारा चालवणारी बाई स्वतः कोणाला बांगडी का भरत नव्हती, ते सांगते. त्यांचे यजमान फार लवकर गेले. मालकीणबाईंचे स्वतःचे हात मोकळे झाले, आणि त्यानंतर गावातल्या बायका सणाला, लग्नाला त्यांच्यापुढे हात करायला कचरू लागल्या. तोंडाने कोणी काही बोललं नाही. कोणी म्हणे आज घाई आहे, कोणी म्हणे सासूबाईंना विचारून येते. त्या काळची रीत तशी होती, आणि ती वाईट होती. दुसऱ्या एखाद्या बाईने दुकानाला कुलूप घालून माहेर गाठलं असतं. मालकीणबाई मला ही गोष्ट सांगताना कान कोरत म्हणाल्या, "माझा हात नको? ठीक. म्हटलं, इतके हात उभे करते की तालुक्यातली एक बाई त्यातून सुटायची नाही." आणि त्यांनी ते खरोखर केलं. बांगड्या भरणाऱ्या आपल्या बायकांना त्या 'हात'च म्हणत. "माझा सफाळ्याचा हात आजारी आहे." "माझ्या डोंगरातल्या हाताला मुलगा झाला." नवी पाहुणी आली की हे ऐकून घाबरायची.

हे हात त्यांनी निवडलेही कसे! कासाराच्या घरातल्या शिकलेल्या बायका त्यांनी घेतल्या नाहीत. ज्या बाईचा पाय आधीच लोकांच्या उंबऱ्यात आहे ती त्यांनी उचलली. नवापूरची हिरूबाय मासळीची टोपली घेऊन घरोघर फिरत होतीच; तिच्या दुसऱ्या खांद्याला बांगड्यांची थैली आली. सफाळ्याकडची गोदाबाई लग्नकार्यांत जात्यावरच्या ओव्या म्हणायला जायची. डोंगरातली सोमी लाकडाची मोळी घेऊन खाली यायची आणि मीठ घेऊन वर जायची. मिठाबरोबर बांगड्या वर गेल्या. या तिघींनी पुढे आपापल्या सुना, जावा, मैत्रिणी तयार केल्या. मालकीणबाई म्हणत, "अनोळखी बाईला गाव ओळखायला शिकवण्यापेक्षा ओळखीच्या बाईला बांगडी भरायला शिकवणं सोपं."

शिकवण त्यांची कडक होती. पहिला नियम, 'आधी हात, मग टोपली.' घरात गेल्यावर माल उघडायचा नाही. बाईचा हात हातात घ्यायचा, अंगठ्याच्या मुळाशी दाबून सैल करायचा, आणि तिची सासू, तिचं माहेर, तिचं पोर यांची चौकशी करायची. हात सैल झाला की माप कळतं आणि मन सैल झालं की रंग कळतो. एकदा गोदाबाईने घाईत टोपली आधी उघडली, हे मालकीणबाईंना कुठून तरी समजलं. त्यांनी तिला समोर बसवून माझा हात तिच्या हातात दिला आणि सगळी दुपार नुसता दाबायला लावला. माझ्या बोटांना मुंग्या आल्या. "अहो, माझा हात सोडवा," मी म्हटलं. "तुम्ही इंग्रजी शिकवता तेव्हा मी मध्ये बोलते का?" त्या म्हणाल्या.

दुसरा नियम याहून विचित्र. भातलावणीच्या दिवसांत बांगडी भरायची नाही. चिखलात हात घालून बांगडी वाढते, काच लागते. म्हणून त्या दिवसांत त्यांचे सगळे हात थैल्या घरी ठेवून गिऱ्हाइकांच्या शेतात लावणीला जात. मला हे ऐकून हसू आलं. ऐन पावसात सगळा धंदा थांबवणारी व्यापारी बाई मी कुठे पाहिली नव्हती. पण लावणी आटोपून श्रावण लागला की त्याच बायका निरोप पाठवत, 'हिरूला पाठवा, दुसरी कोणी नको.' दर महिन्याच्या संकष्टीला दुपारी सगळे हात पालघरला जमत. संकष्टीच का, असं विचारलं तर त्या सांगत, "मला उपास असतो. उपाशी असले की मला राग चांगला येतो." प्रत्येकीने महिनाभरात वाढलेल्या बांगड्यांचे तुकडे बरोबर आणायचे. नुकसान दुकानाचं, पण तुकडे दाखवायचे. ते हातात घेऊन त्या न्याय करत. "ही अंगठ्याशी अडली, ही घाई तुझी. ही थैलीत आपटली, हे एस.टी.चं. ही नवऱ्याने हात पिरगळला, ही बाई कुठली? पुढच्या खेपेला तिच्या सासूला माझा निरोप सांग."

मग काळ बदलू लागला. तारापूरच्या बाजूला रस्ते झाले, ट्रक फिरू लागले, सातारा-नागपूरकडची कुटुंबं आली. गावातल्या बायका बांधकामावर रोजाने जाऊ लागल्या. डोक्यावर घमेली घेऊन काचेच्या बांगड्या टिकेनात. साहेबांच्या बायका एका हातात घड्याळ घालत आणि दुसरा हात मोकळा ठेवत. आणि एके दिवशी टेरिलीनची पँट घातलेला एक तरुण विक्रेता मुंबईहून प्लॅस्टिकच्या बांगड्या घेऊन दुकानात आला. त्याने बांगडी जमिनीवर आपटून दाखवली.

"देखो माताजी, कभी टूटती नहीं!"

मालकीणबाईंनी ती उचलली, ताणली, चावली. "मास्तरीणबाई, याला सांगा. न वाढणारी बांगडी म्हणजे न वाढणारा धंदा."

मी हिंदीत सांगायचा प्रयत्न केला. तो विनोद हिंदीत काही उतरेना. तो मात्र हसत म्हणाला, "माताजी, आपकी औरतों को मैं बैग दूँगा, कमीशन दूँगा. सोच लो." आणि गेला. त्या दिवशी मालकीणबाईंनी कान कोरला नाही. माल बदलेल याची त्यांना धास्ती नव्हती. आपले हात कोणी उचलून नेईल याची होती. "काच काय, मी उद्या दगडाच्या भरेन," त्या मला म्हणाल्या. "पण हात परत कुठून आणू? एकेक हात तयार करायला माझे केस पांढरे झाले."

महिनाभर त्यांनी विचार केला. मला केंद्राच्या नव्या वसाहतीतल्या बायकांबद्दल विचारलं, तुमच्या आजोबांना बांधकाम किती चालेल ते विचारलं, आणि ठरवलं की प्लॅस्टिकही ठेवायचं, नवीन हात घ्यायचे, वसाहतीत शिरायचं. संकष्टीला सगळ्या जमल्यावर त्या आयुष्यात पहिल्यांदा भाषण करायला पाटावर उभ्या राहिल्या. पाटावर उभ्या राहूनही त्या हिरूबायच्या खांद्याइतक्याच भरत होत्या.

"बायांनो," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "काळ बदलला. तिकडे वीज तयार होणार, घमेल्याने हात भरले, घड्याळं आली. मी पुष्कळ विचार केला. आता आपण दुकान वाढवायचं."

गोदाबाईने पदर तोंडाला लावला. सोमी खाली बघत राहिली. हिरूबाय, जी कोळीवाड्यात चार बायकांना एकदम गप्प करायची, तिला शब्द फुटेना. एकेकीने पुढे होऊन मालकीणबाईंच्या पायाला हात लावला, आपापल्या थैल्या उचलल्या आणि न बोलता निघून गेल्या.

"पाहिलंत?" मालकीणबाई डोळे पुसत म्हणाल्या. "आनंदाने बोलता येईना पोरींना."

पुढचा आठवडाभर, आता सगळ्या माल न्यायला येतील म्हणून मालकीणबाई वाट पाहत होत्या. कोणी आलं नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. तुळशीचं लग्न जवळ आलं, म्हणजे लग्नसराई तोंडावर, चुड्यांची मागणी सुरू व्हायची वेळ, आणि दुकानासमोर चिटपाखरू नाही. संकष्टीलाही कोणी फिरकलं नाही. त्या दिवशी मालकीणबाईंना राग आला नाही, याची मला खरी भीती वाटली. चंद्र उगवून गेला तरी त्यांनी उपास सोडला नाही. मी ताट घेऊन गेले तर त्या म्हणाल्या, "नेले हो त्याने. प्लॅस्टिकवाल्याने माझे हात नेले." इतकी वर्षं जपलेल्या त्या तोंडातून मी प्रथमच असं उघडंवाघडं क्रियापद ऐकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती. मी त्यांना बळेच उठवलं. आम्ही पॅसेंजरने बोईसरला उतरलो, तिथून एस.टी., आणि शेवटी सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांमधून चालत हिरूबायचं घर गाठलं. गाडीत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. अंगणात शिरलो आणि बघतो तर पसरलेल्या जुन्या शिडाच्या कापडावर हिरू, गोदा आणि सोमी मांडी घालून बसलेल्या, मध्ये बांगड्यांचे ढीग, काचेचे वेगळे, प्लॅस्टिकचे वेगळे.

"हिरू!" मालकीणबाईंचा आवाज परत आला. "माझ्याकडे यायचं सोडलंस? त्या टेरिलीनवाल्याची झालीस?"

"कंचा टेरिलीनवाला?" हिरूबाय उभी राहिली. "बाय, तुमीच सांगितला ना, दुकान वाढवायचा हाय म्हणून! आमी रडत घरा आलो. गोदी तं दोन दिस जेवली नाय."

"अगं, वाढवायचं म्हणजे मोठं करायचं!"

मग हिरूबायने कमरेवर हात ठेवले. "मंग मोठा करायचा असा बोलायचा ना! तुमच्या तोंडात तेल वाढला म्हंजे डबा रिकामा, शेगडी वाढली म्हंजे राख. दुकान वाढवायचा म्हटल्यावर आमी काय समजायचा?"

माझं हसू मला आवरेना. मालकीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी बोंबलांकडे बघू लागले.

"आणि मग हे काय चाललंय?" त्यांनी ढिगांकडे बोट दाखवलं.

"दुकान वाढला तुमचा," हिरूबाय म्हणाली. "गिऱ्हायका कुठं वाढली? त्यांचे हात काय मोकळे ठेवायचे?"

"लगनं थांबत्यात काय, बाय?" सोमी हळूच म्हणाली. "वर पाड्यावं तीन पोरींची लगनं हायेत. मी शब्द दिलाय."

हिरूबाय मासळी घेऊन मुंबईला जायचीच. तिने घाऊक व्यापाऱ्याचा पत्ता काढून माल आणला होता. घमेली उचलणाऱ्या बायकांसाठी प्लॅस्टिक, लग्नांसाठी काच. गावं तिघींनी वाटून घेतली होती, आणि मालकीणबाईंनी ज्या वसाहतीत शिरायचे बेत महिनाभर केले होते तिथे गोदाबाई जाऊनही आली होती. मालकीणबाई शिडावर बसल्या आणि त्यांनी तपासणी सुरू केली. वाढलेले तुकडे ठेवलेत का? ठेवलेत. सासूंचे निरोप पोचवलेत का? पोचवलेत.

"आणि वसाहतीत? आधी हात, मग टोपली?"

गोदाबाई घुटमळली. "नाय, बाय. तिथं आधी हात मागितला तं दार लावून घेतात. माझ्या तोंडावं लावला. तिथं आधी टोपली उघडायची. मंग त्या आपसूक हात देतात."

हा त्यांचा पहिला नियम. त्यासाठी त्यांनी माझ्या हाताची एक दुपार घेतली होती. मालकीणबाईंनी एक काचेची बांगडी उचलली, उन्हात धरून पाहिली, परत ठेवली. "बरं," त्या म्हणाल्या. "पण तिथेच. सगळीकडे नाही."

परतीच्या गाडीत त्या प्रत्येक स्टेशनवर मला नवीन तक्रार सांगत होत्या. हिरूने व्यापाऱ्याकडून महाग माल घेतला. सोमीला रंग कळत नाहीत. मला न विचारता गावं कशी वाटली? पालघर आल्यावर त्यांनी फलाटावरच स्टेशनमास्तरांना गाठलं. "ऐकलंत का, माझं दुकान माझ्यावाचून चालतं!" ती बातमी पुढच्या चार दिवसांत त्यांनी पालघरमधल्या एकूण एक माणसाला दिली, ज्यांना आधी दिली होती त्यांना दुसऱ्यांदा दिली.

दुकान मोठं झालंच. पुढे नवे हात आले, त्यांनी आणखी नवे तयार केले. आम्हाला वसाहतीत क्वार्टर मिळालं, तुमची आई तिथेच रांगायला लागली, आणि मालकीणबाई अधूनमधून एस.टी.ने तिला बघायला यायच्या. केंद्र सुरू होऊन काही दिवस झाले असतील, त्या अशाच आल्या होत्या आणि आरामखुर्चीत बसल्या होत्या, तेव्हा दारात एक तरतरीत बाई आली. साताऱ्याकडची, नवरा केंद्रात कामाला. टोपलीऐवजी तिच्या खांद्याला चामड्याची पर्स होती. तिने आधी पर्स उघडून बांगड्या दाखवल्या, मी हात पुढे केला, तेव्हा कुठे तिने तो दाबायला घेतला.

"अंगठ्याच्या मुळाशी दाब," खुर्चीतून आवाज आला.

"व्हय, आजी."

"असं नाही. खालून वर."

"आजी, तुमी बसा निवांत," ती न चिडता म्हणाली. "आमच्यात रीत ठरल्याली हाय. आमच्या मोठ्या बाईंनी घालून दिलीय."

"कोण मोठ्या बाई?"

"आता मला काय ठावं! पालघरला हुत्या म्हणं कोणतरी. लई खाष्ट बाई. हायत का न्हाईत, द्येव जाणं. पर त्यांच्या रीतीबाहीर आमी न्हाई जात. लावणीला आमची पर्स बंद म्हंजी बंद."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मालकीणबाईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं. ती बाई बांगड्या भरून, माझ्या सासूबाईंची चौकशी करून, पोरीच्या गालाला हात लावून गेली. हाताला एवढंही टोचलं नव्हतं.

"खाष्ट म्हणाली," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा असा उजळला होता की तो मी अजून विसरलेले नाही. मी त्यांना सोडायला थांब्यापर्यंत गेले. वाटेत भेटेल त्याला त्या थांबवून सांगत होत्या, अगदी वसाहतीच्या पहारेकऱ्यालाही: "माझाच हात, आणि मला ओळखलं नाही हो तिने!"

एस.टी. आली. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि गाडी हलली तेव्हा समोर बघत, मला नव्हे, कोणालाच नव्हे, पुन्हा एकदा सावकाश म्हणाल्या, "ओळखलं नाही हो मला."